समेवर पडणारा ठोसा

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी सुटीच्या दिवशीं संगणकावर किंवा टेलिव्हिजनला जोडलेल्या यंत्रावर द्वंद्वयुद्धाचे खेळ खेळतात, ही गोष्ट आतां कोणापासून लपलेली नाहीं. इंटरनेटच्या द्वारें हे खेळ घरबसल्या दूरच्या गांवच्या, किंबहुना परदेशच्या, अनोळखी खेळाडूशीं खेळतां येतात. परंतु खेळ संपला तरी मुलगा जागचा उठत नाहीं. आपल्याच सामन्याचें चित्र तो पुन्हां पुन्हां पाहतो, त्यांतून चारपांच सेकंदांचे तुकडे कापून काढतो, त्यांना एखाद्या वाद्यसंगीताची जोड देतो, आणि एकच ठोसा वीस वेळां मागेंपुढें सरकवून पाहतो. आईबापांना वाटतें, हा केवळ वेळेचा अपव्यय आहे. मुलाला विचारावें तर तो म्हणतो, "मी माँटाज करीत आहें." ह्या उत्तरानें आईबापांचें समाधान होत नाहीं, आणि त्याहून अधिक कांहीं मुलालाही नीट सांगतां येत नाहीं. हें काम म्हणजे काय, तें चांगलें कसें होतें व कोठें बिघडतें, हें दोघांनाही स्पष्ट करून सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

'माँटाज' हा शब्द फ्रेंच भाषेंतील असून त्याचा मूळ अर्थ जुळणी किंवा जोडणी असा आहे. चित्रपटाच्या कलेंत तो लवकरच रूढ झाला. कारण निरनिराळे तुकडे एकापुढें एक ठेविले असतां त्या प्रत्येकांत नसलेला असा एक नवा अर्थ उत्पन्न होतो, हें तेथील कारागिरांच्या ध्यानांत आलें. संगीताशीं चित्राची सांगड घालण्याची कल्पनाही नवी नाहीं. १९२८ सालीं वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' हा बोलका व्यंगचित्रपट निघाला. त्यांत उंदराची प्रत्येक उडी वाद्यांच्या ठोक्याशीं जुळविलेली होती. पुढें १९३८ सालीं रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनीं 'अलेक्झांडर नेव्हस्की' हा चित्रपट काढिला. त्याचे संगीतकार प्रोकोफिएव्ह होते. त्यांतील कांहीं प्रसंगीं आधीं चित्र तयार झालें व मग त्यावर संगीत रचलें गेलें. आणि कांहीं प्रसंगीं उलट, आधीं संगीत तयार झालें व चित्राचे तुकडे त्याच्या मापानें कापले गेले. आमचे विद्यार्थी जें करूं पाहतात तें ह्या दुसऱ्या जातीचें काम होय.

आतां ज्या खेळांतून हे तुकडे घ्यावयाचे त्या खेळाकडे वळूं. उदाहरणादाखल जपानमधील कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर' हा खेळ घेऊं. त्याचा दुसरा अवतार १९९१ सालीं निघाला आणि जगभर लोकप्रिय झाला. सहावा अवतार २०२३ च्या जून महिन्यांत निघाला. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात; प्रत्येकाच्या जीवनशक्तीची एक पट्टी वरच्या बाजूस दिसते; घड्याळ ९९ पासून खालीं उतरूं लागतें; आणि तीन फेऱ्यांपैकीं दोन जो जिंकील तो विजयी. एका ठोशाला लागूनच दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, असे आघात मारिले असतां प्रतिपक्ष्याला मध्यें हात उचलण्यास अवसरच मिळत नाहीं. ह्या साखळीला खेळाडू 'काँबो' म्हणतात. ही साखळी प्रथम कोणी मुद्दाम योजिली नव्हती. स्ट्रीट फायटरच्या दुसऱ्या अवतारांत मोटारगाडी फोडण्याचा एक जादा खेळ आहे; तो तपासतांना एका ठोशाच्या पोटांत दुसरा ठोसा बसतो असें फुनामिझु नांवाच्या निर्मात्याच्या नजरेस आलें, आणि ही चूक काढून न टाकितां त्यानें ती खेळांत राहूं दिली. आज माँटाजमध्यें जें दाखवावयाचें तें बहुधा ह्या साखळीचेंच कौशल्य असतें.

ह्या कौशल्याचें माप काळांत आहे. पडद्यावरील हलतें चित्र म्हणजे वस्तुतः एकामागून एक झपाट्यानें येणारीं स्थिरचित्रें होत. अशा एका स्थिरचित्राला 'फ्रेम' म्हणतात. ह्या खेळांत सेकंदास ६० फ्रेम येतात. अर्थात् एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. कोणता ठोसा किती फ्रेमांनंतर लागतो, तो अडविला गेल्यास मारणारा किती फ्रेम उघडा पडतो, ह्याचे हिशेब जाणत्या खेळाडूंना तोंडपाठ असतात. साखळींतील पुढचा ठोसा दोनतीन फ्रेम उशिरां पडला तर पुष्कळदां ती साखळी तुटते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें प्रामाणिकपणाचा जो प्रश्न निघणार आहे, तो सर्व हिच्यावरच उभा आहे.

दूरच्या खेळाडूशीं खेळतांना आणखी एक अडचण असते. त्यानें बटण दाबलें ही वार्ता आपल्या यंत्राकडे येण्यास थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ दोघांनाही थांबवून ठेवावें, तर हात जड झाल्यासारखे वाटतात. ह्यावर टोनी कॅनन नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं २००६ सालीं 'जीजीपीओ' नामक एक योजना पुढें आणिली. ह्या पद्धतींत यंत्र थांबत नाहीं. प्रतिस्पर्ध्यानें काय केलें असेल ह्याचा तें अंदाज करितें आणि चित्र पुढें चालवितें. अंदाज बरोबर निघाला तर प्रश्नच मिटला. चुकला तर यंत्र क्षणार्धांत कांहीं फ्रेम मागें जाऊन खरी हकीगत पुन्हां मांडितें. ह्या मागें जाण्यामुळें खेळ चालू असतां योद्धा कधींकधीं एका जागेवरून दुसऱ्या जागीं उडाल्यासारखा दिसतो. म्हणून चालू सामन्याचेंच चित्र टिपून ठेविलें तर त्यांत असे धक्के राहण्याचा संभव असतो.

ह्याला उपाय असा कीं, सामना संपल्यावर खेळाच्याच भांडारांतून त्याचें पुनर्दर्शन, ज्याला रिप्ले म्हणतात तें, उघडावें आणि त्याचें चित्र टिपावें. रिप्ले म्हणजे सांठवून ठेविलेलें चित्र नव्हे. गवयाच्या वहींत गाणें नसतें, स्वरलिपि असते. तसें येथें दोन्ही खेळाडूंनीं कोणत्या फ्रेमला कोणतें बटण दाबलें एवढेंच टिपलेलें असतें, आणि तें वाचून यंत्र सामना पुन्हां खेळून दाखवितें. त्यांत अंदाज नसतो. जें घडलें तेंच दिसतें. परंतु खेळाच्या नियमांत किंवा मापांत सुधारणा झाली कीं पुष्कळ खेळांत जुने रिप्ले उघडत नाहींत, कारण लिपि तीच राहिली तरी वाजविणारें वाद्य बदललेलें असतें. यास्तव जो सामना पाहिजे असेल त्याचें चित्र त्याच आठवड्यांत टिपून ठेवावें. ह्या कामीं 'ओबीएस स्टुडिओ' हें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें. चित्र सेकंदास नेमक्या ६० फ्रेमांनींच टिपलें जाईल अशी योजना करावी. टिपण्याची गति कमीजास्त झाली तर पुढें चित्र व आवाज यांची फारकत होते.

सामने हातीं आले कीं निवड करावयाची. येथें नवशिका पहिल्यानेंच फसतो; त्याला आपला प्रत्येक विजय प्रिय असतो. पन्नास सामन्यांतून मिनिटभराचें चित्र निघालें तर तें पुष्कळ झालें असें समजावें. तुकडा घेतांना स्वतःस एक प्रश्न विचारावा: हा खेळ ज्यानें कधीं पाहिला नाहीं, त्याला ह्या तुकड्यांत काय बदललें तें कळेल काय? जीवनशक्तीची पट्टी संपत आली असतां खेळाडू शांत राहिला व शेवटीं डाव उलटला, हें कोणालाही कळतें. प्रतिपक्ष्यानें उतावळेपणानें उडी मारिली व ती हेरून त्याला खालीं आणिलें, हेंही कळतें. सहावेळां तोच काँबो निरनिराळ्या लोकांवर केला, ह्यांत मात्र सांगण्यासारखें कांहीं नाहीं. निवडलेल्या तुकड्यांचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे असावा.

तुकड्यांच्या मागोमाग, परंतु कात्री लावण्यापूर्वीं, संगीत ठरवावें. चित्र आधीं कापून मागाहून त्यावर गाणें टाकिलें तर तीं दोन्ही एकमेकांना ओळखत नाहींत. संगीतांत चढउतार हवा. नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांनीं इब्सेनच्या 'पीअर गिंट' नाटकासाठीं लिहिलेला 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग' हा तुकडा हलक्या पावलानें सुरू होतो आणि हळूहळू वेग व आवाज वाढवीत शेवटीं कडाडतो. अशा रचनेंत कथा आयतीच असते. मात्र तिची लय सारखी बदलत असल्यामुळें मात्रांच्या खुणा कानानें ऐकूनच कराव्या लागतात. नवशिक्यानें एकसारख्या लयीचें संगीत घेणें बरें.

एकसारख्या लयीचा हिशेब सोपा आहे. मिनिटांत ६० सेकंद व सेकंदांत ६० फ्रेम, म्हणून मिनिटांत ३,६०० फ्रेम. संगीताच्या मात्रा मिनिटास १२० असतील तर एका मात्रेस ३० फ्रेम पडतात. १५० असतील तर २४. परंतु मिनिटास १४० मात्रा असल्या तर भागाकार २५.७१ असा येतो, आणि फ्रेमचा तुकडा तर करतां येत नाहीं. येथें आळशी माणूस २६ धरून पुढें चालतो. प्रत्येक मात्रेस सुमारें पाव फ्रेमची ही चूक डोळ्यांना दिसत नाहीं. पण ती सांचत जाते, आणि ६४ मात्रांनंतर ती १८ फ्रेमांची, म्हणजे जवळजवळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची होते. मग ठोसा एकीकडे व ढोल एकीकडे. यासाठीं प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून न मोजतां आरंभापासून मोजावी. म्हणजे कोणतीही खूण अर्ध्या फ्रेमपेक्षां अधिक चुकत नाहीं. भागाकारांतील शेष टाकून देऊं नये असें गणिताचे शिक्षक वर्गांत कां सांगतात, ह्याचें इतकें प्रत्यक्ष उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

'ऑडॅसिटी' ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें आवाजाची आकृति पाहून खुणा करतां येतात; चित्र कापण्यासाठीं 'केडेनलाइव्ह' किंवा 'शॉटकट' हीं साधनेंही विनामूल्य आहेत. संगीत शक्य तर 'वेव्ह' ह्या न आवळलेल्या स्वरूपांत घ्यावें. 'एमपीथ्री' स्वरूपांत आरंभीं किंचित् मोकळी जागा पडण्याचा संभव असतो, आणि तेवढ्यानें सर्वच खुणा सरकतात.

मात्रा ठरल्या, आतां ठोसा कोठें ठेवावा? आपल्याकडील संगीताच्या परिचयाचा येथें मोठा उपयोग होतो. त्रितालांत १६ मात्रा असतात, परंतु सर्व मात्रांना सारखें वजन नसतें. पहिली मात्रा ती सम; नववी ती खाली. गायक कितीही फिरून आला तरी समेवर येतो, आणि श्रोत्यांची मान तेथेंच हलते. लेझीम खेळणाऱ्या मुलांनाही पावलाचा जोर कोठें द्यावयाचा हें सांगावें लागत नाहीं. पाश्चात्य संगीतांत चारचार मात्रांचे गट असतात व अशा चार किंवा आठ गटांचें एक वाक्य होतें. त्या वाक्याची पहिली मात्रा म्हणजे तेथील सम असें तूर्त समजण्यास हरकत नाहीं. प्रत्येक मात्रेवर एकएक ठोसा आपटणारें चित्र शिंप्याच्या यंत्रासारखें टकटकतें व अर्ध्या मिनिटांत कंटाळा आणितें. मोठा आघात समेसाठीं राखून ठेवावा. मधल्या मात्रांवर पाऊल, उडी, अडवणूक अशा लहान हालचाली असाव्या. आणि जेथें संगीत क्षणभर थांबतें तेथें दोन्ही योद्धे एकमेकांस जोखीत उभे आहेत, असें दृश्य यावें.

एक उदाहरण घेऊं. समजा, संगीताची लय मिनिटास १५० मात्रांची आहे, म्हणजे दर २४ फ्रेमला एक खूण. आपल्या काँबोंत चार आघात असून पहिल्यापासून मोजतां ते ०, २०, ३८ व ७० ह्या फ्रेमला लागतात. हे चारही खुणांवर बसणें शक्य नाहीं. मग सर्वांत जड असा चौथा आघात समेवर ठेवावा आणि तेथून उलट मोजावें: पहिला आघात समेच्या ७० फ्रेम आधीं येईल. समेआधींच्या खुणा ७२, ४८ व २४ फ्रेमांवर आहेत. म्हणून पहिला आघात आपल्या खुणेनंतर दोन फ्रेम, दुसरा आपल्या खुणेआधीं दोन फ्रेम, आणि तिसरा दोन मात्रांच्या मध्याजवळ पडतो. पहिले दोन कानाला तालांतच वाटतात. तिसरा तालाबाहेरून येतो, पण लगेच समेवर चौथा पडल्यामुळें तो खटकण्याऐवजीं उलट उत्कंठा वाढवितो. तबलजीही असें मुद्दाम करितो. आघात लागतांच खेळांत दोन्ही योद्धे कांहीं फ्रेम जागच्या जागीं थिजतात. समेची खूण ह्या थिजण्याच्या पहिल्या फ्रेमशीं जुळवावी, हात उगारल्याच्या फ्रेमशीं नव्हे.

एखाद्या फ्रेमचा फरक राहिलाच तर तो कोणत्या बाजूस असावा, ह्याचेंही उत्तर आहे. वीज आधीं चमकते व गडगडाट मागाहून येतो, ह्याची मनुष्याला संवय आहे. उलट क्रम त्याला लगेच खुपतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणें आवाज चित्राच्या आधीं आला तर सुमारें ४५ सहस्रांश सेकंदांवर पाहणाऱ्याच्या ध्यानांत येतें. मागून आला तर सुमारें १२५ सहस्रांश सेकंदांपर्यंत येत नाहीं. आपल्या फ्रेमांत सांगावयाचें तर आधीं अडीच, आणि मागून सात. तेव्हां ठोसा खुणेच्या किंचित् आधीं पडलेला चालेल, मागून नको. तसेंच खेळांतील आघातांचा मूळ आवाज अगदींच पुसून टाकूं नये. तो संगीताच्या खालीं, मंद असा, राहूं द्यावा. नाहींतर मुक्या बाहुल्यांचा नाच पाहिल्यासारखें होतें.

येथवर हातकौशल्याची गोष्ट झाली. आतां त्याहून महत्त्वाची गोष्ट. वरील उदाहरणांतील चार आघात चारही खुणांवर बसवावयाचे, असा मोह एखाद्या मुलाला होईल. सॉफ्टवेअरमध्यें त्याची सोय आहे. पहिल्या दोहोंमधील २० फ्रेम किंचित् ताणून २४ कराव्या, पुढच्या १८ ताणून २४ कराव्या, आणि शेवटच्या ३२ आवळून २४ कराव्या, कीं झालें. चित्र बिनचूक तालावर चालेल आणि पाहणारा म्हणेल, वाहवा! परंतु त्या क्षणीं तें चित्र खोटें झालें. ह्या खेळांतील कौशल्य म्हणजे काळाचें माप, असें आपण आरंभीं पाहिलें. जो ठोसा ३२ फ्रेमांनीं लागला तो २४ फ्रेमांनीं लागला असें दाखविणें, म्हणजे धांवण्याच्या शर्यतींत घड्याळाचा कांटा बोटानें मागें सारण्यासारखेंच आहे. पाहणाऱ्या लहान मुलाला तर त्याहून मोठा त्रास होतो. तो तीच साखळी तशाच वेगानें साधावयास बसतो, ती साधत नाहीं, आणि दोष आपल्या हातांचा आहे असें समजतो.

म्हणून नियम असा धरावा: तुकडा कोठें सुरू करावयाचा व कोठें संपवावयाचा हा अधिकार संकलन करणाऱ्याचा, तुकड्याच्या आंतील काळ हा खेळाचा. चित्र मंद करूंच नये असें नाहीं. शेवटचा आघात दिसावा म्हणून चित्र उघडपणें मंद केलें, तर तें मंद केलें आहे हें पाहणाऱ्याला कळतेंच. त्यांत फसवणूक नाहीं. फसवणूक आहे ती न कळणाऱ्या फेरफारांत. दोन वेगळ्या सामन्यांतील आघात जोडून एक साखळी दाखविणें, किंवा मधला चुकलेला ठोसा कापून टाकणें, हीं त्याच कुळांतलीं कृत्यें होत.

निवडीमुळेंही एक प्रकारचें असत्य उत्पन्न होतें, आणि त्याचा विचार केला पाहिजे. द्वंद्वखेळांच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध तुकडा २००४ सालचा आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें 'ईव्हो' ह्या स्पर्धेंत जपानचा डायगो उमेहारा व अमेरिकेचा जस्टिन वाँग यांचा सामना चालला होता. डायगोच्या योद्ध्याची जीवनशक्ति अगदीं नखाएवढी उरली होती. अडविलेल्या आघातानेंही तो पडला असता. वाँगनें १५ आघातांचा हल्ला चढविला. डायगोनें प्रत्येक आघात नेमक्या क्षणीं परतविला आणि उलट मारा करून फेरी जिंकिली. त्या तुकड्याला कोणी संगीत जोडण्याची गरज नव्हती. आघातागणिक चढत जाणारा प्रेक्षकांचा कल्लोळ हेंच तेथील संगीत. तो तुकडा आजवर लक्षावधि लोकांनीं पाहिला. परंतु त्या वर्षीं ती स्पर्धा डायगोनें जिंकिली नाहीं, अंतिम सामन्यांत तो हरला, हें त्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल? तुकडा खरा आहे. पण तुकडा म्हणजे सबंध दिवस नव्हे. जो मुलगा रात्रंदिवस इतरांचे माँटाज पाहतो त्याला वाटूं लागतें कीं जग नुसतें जिंकतच आहे, आणि हरतो तो आपण एकटाच. त्याला हें कोणीतरी सांगितलें पाहिजे.

समोर जो पडतो तोही मनुष्यच आहे. पडद्यावर पुष्कळदां त्याचें खेळांतील नांव दिसतें. तें झांकून टाकावें किंवा त्याची परवानगी घ्यावी. त्याच्या फजितीवर हंसणारीं अक्षरें किंवा आवाज घालूं नयेत. त्याच्या चांगल्या खेळालाही दोन सेकंद द्यावेत. प्रतिपक्षी बलवान् दिसला म्हणजेच विजयाला किंमत येते, हें पोवाडे ऐकणाऱ्या महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली डोळ्यांविषयीं. प्रत्येक मात्रेवर पडदा पांढरा चमकविण्याची खोड पुष्कळांना असते. १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें एका व्यंगचित्रमालेंत तांबड्यानिळ्या रंगांची जलद उघडझांप दाखविली गेली आणि सुमारें सातशें मुलांना इस्पितळांत न्यावें लागलें; त्यांपैकीं कांहींना झटके आले होते. एका सेकंदांत तीनपेक्षां अधिक वेळां पडदा चमकूं नये, असा दंडक आज सामान्यतः मानतात. मिनिटास १५० मात्रांच्या लयींत प्रत्येक मात्रेवर चमक दिली तर सेकंदास अडीच चमका होतात. अर्ध्या मात्रेवरही दिली तर पांच, म्हणजे मर्यादेबाहेर. चमक टाळलेली सर्वांत उत्तम.

दुसरी सूचना हक्कांविषयीं. घरांत पाहण्यापुरतें चित्र केलें तर गोष्ट वेगळी; पण तें यूट्यूबवर चढवावयाचें तर संगीत कोणाचें आहे हें पाहिलें पाहिजे. भारतांतील १९५७ च्या कायद्याप्रमाणें संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून निराळा, प्रकाशनापासून ६० वर्षांचा असतो. ग्रीग १९०७ सालीं वारले, म्हणून त्यांची रचना मोकळी झाली. परंतु आजच्या एखाद्या वाद्यवृंदानें केलेलें तिचें मुद्रण मोकळें नाहीं. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नामक परवान्याखालीं कित्येक संगीतकार, उदाहरणार्थ अमेरिकेचे केव्हिन मॅक्लाउड, नांवाचा उल्लेख करण्याच्या अटीवर आपलें संगीत वापरूं देतात. परवान्यांतील अटी मात्र शब्दशः वाचाव्या. ज्यांत रूपांतराला मनाई आहे असें संगीत ह्या कामीं चालत नाहीं, कारण हलत्या चित्राशीं संगीत जुळविणें हें त्या परवान्यांच्या भाषेंत रूपांतरच होय. खेळाच्या कंपनीनेंही चित्रें प्रसिद्ध करण्याविषयीं कांहीं नियम ठरविलेले असतात, तेही पाहावे.

पालकांना एवढीच विनंति कीं, मुलगा ह्या कामांत गुंतलेला दिसला तर त्याला एकदम उठवूं नये, आणि आंधळेपणानें कौतुकही करूं नये. द्वंद्वखेळांना आतां मोठ्या क्रीडास्पर्धांतही स्थान मिळालें आहे. २०२३ सालीं चीनमध्यें हांगझाऊ येथें भरलेल्या आशियाई सामन्यांत स्ट्रीट फायटरच्या पांचव्या अवताराला पदकें होतीं. तथापि त्यावरून रात्रीची झोंप व उद्यांचा अभ्यास माफ होतो असें नव्हे. रोज किती वेळ, हें आधींच ठरवावें. आणि मुलाजवळ बसून त्याला तीन गोष्टी विचाराव्या: हा तुकडा कोणत्या सामन्यांतला? तो सबंध सामना मला दाखवशील काय? ह्या आठवड्यांत तूं कोठें हरलास, आणि कां? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जो मुलगा सामना उघडून, फ्रेम दाखवून देऊं शकतो, तो कांहींतरी शिकत आहे असें खुशाल समजावें.

विद्यार्थ्यांनीं मूळचे सबंध सामने पुसून न टाकितां जपून ठेवावे, म्हणजे कोणी शंका घेतली तर दाखवितां येतात. आणि स्वतःसाठीं हरलेल्या सामन्यांचाही एक संग्रह करावा, त्याला संगीत नसलें तरी चालेल. माँटाज पुरा झाला कीं तो लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं एक कसोटी लावून पाहावी. ज्याला आपण त्यांत पाडलें आहे, तो प्रतिस्पर्धी शेजारीं बसून हें चित्र पाहत आहे अशी कल्पना करावी. "होय, असेंच घडलें, आणि ठोसाही समेवर छान पडला," असें तो म्हणूं शकेल काय? शकेल असें वाटलें तर काम खुशाल प्रसिद्ध करावें; न वाटलें तर पुन्हां कात्री हातीं घ्यावी.